पाठराखीण आणि सातवं विधान

वेलदाइक, २२ फेब्रुवारी १९८८

पाठराखीण म्हणून मला शेजारी उभी करायची आणि कागदावर माझंच घर पाडायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते कळव. मी चौथीपर्यंत गेले. तेवढ्यात तरी असलं काही शिकवलं नव्हतं.

योरीन, तुझ्या पीएचडीच्या प्रबंधाची पुस्तकं पोचली. बांधाखालच्या आमच्या आळीत अकरा घरं, अकराही घरांत एकेक. कुणी वाचली असतील अशा भ्रमात राहू नकोस. पाचव्या प्रकरणात आळीचा फोटो आहे, त्यात शेजारच्या स्टीनच्या दोरीवरच्या चड्ड्या दिसतात, तेवढं पान सगळ्यांनी पाहिलं. स्टीनने दोनदा पाहिलं. बाकी सगळे आकडे.

पण पुस्तकात तो जो सुटा कागद घातलायस, दहा विधानांचा, तो मात्र घराघरांत वाचून झाला. एका पानाचा आहे, वाचणारच. सातवं विधान आता पोरंटोरंसुद्धा म्हणून दाखवतात: "नदीच्या बांधाला टेकलेली घरं वाचवणं म्हणजे त्यांच्यामागच्या गावांना बुडण्याची परवानगी देणं." आमचीच घरं टेकलेली आहेत. दुसरी कुठली फोटोत नाहीत.

काल खाटकाने मला कीमा बांधून दिला तो तोंड न उघडता. हा माणूस मेलेल्या डुकराशीसुद्धा गप्पा मारतो. मग संध्याकाळी स्टीनचा नवरा आला, एव्हर्ट. बसला नाही. म्हणाला, "आल्ते काकू, तिला नावेत बसून वल्हं मारायला मी शिकवलं. गाव बुडवणारा मी कधीपासून झालो, तेवढं तिला विचारा." मी म्हटलं, विचारते. विचारलं.

तू म्हणाली होतीस की सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेत एखादं विधान विचारलं तर ते पाठराखिणीने उभं राहून मोठ्याने वाचायचं. म्हणजे हे मी वाचायचं. काळे कपडे घालून, आळीतल्या लोकांसमोर.

सातवं काढ, नाहीतर दुसरी पाठराखीण बघ. काळ्या कापडाला मी अजून कात्री लावलेली नाही.

नदी चढतेय. कोंबड्या रुसल्यात. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि तू कामाचं सगळं दुसऱ्या निम्म्यात बोलतेस.

आजी

◆

डेल्फ्ट, २५ फेब्रुवारी

आजी,

रागावलीस ते बरोबर आहे. पुस्तकं पाठवण्याआधी तुला तो कागद दाखवायला हवा होता. खरं सांगायचं तर दाखवायची हिंमत झाली नाही, आणि पुस्तकं जाड असल्यामुळे कागदाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही असं मी मूर्खासारखं धरून चालले.

माझे मार्गदर्शक हूकेमा म्हणतात, येत्या सोमवारपर्यंत कागद बदलता येईल. सातवं काढून तिथे दुसरं काही घालता येईल. तू म्हणशील तर काढते. पण आधी एवढं ऐकून घे.

तुमच्यामागचा बांध दिसायला धडधाकट आहे. भीती बांधाची नाही, बांधाखालून जाणाऱ्या पाण्याची आहे. पूर आला की पाणी खालच्या वाळूतून वाट काढतं आणि बांधाच्या अलीकडे, तुमच्या परसात वर येतं. नुसतं पाणी आलं तर तो पाझर, त्याची चिंता नाही. पण त्या पाण्यासोबत वाळू यायला लागली की ती वाळू बांधाच्या पोटाखालची असते. पोट रिकामं होत जातं आणि एक दिवस बांध खाली बसतो. उपाय साधा आहे: बांधाच्या पायाशी मातीचा रुंद भराव घालायचा. त्या जागी तुमची घरं आहेत.

हे बांध सांभाळणाऱ्या पाणीमंडळाला कधीतरी सांगायलाच हवं होतं. तुमचा पट्टा हाती घ्यायचा की नाही, ते या वसंतात ठरणार आहे. मंडळाचे दोघेजण माझ्या परीक्षेला येऊन बसणार आहेत. माझं म्हणणं तिथे टिकलं तर ते काम धरतील, पडलं तर पुढची कितीतरी वर्षं कुणी तुमच्या बांधाकडे बघणार नाही.

आणि ते पडेल अशी एक जागा आहे. प्राध्यापिका रोसेबोम माझ्या विरोधात प्रश्न विचारणार आहेत. त्यांनी आधीच कळवलंय: "तुमचं गणित म्हणतं की या आळीत वाळू यायला हवी. तुम्ही स्वतः दारोदार जाऊन विचारलंत, तर अकराही घरं म्हणाली, कधी नाही आली. मी गणितावर विश्वास ठेवू की माणसांवर?"

पहिल्या दारावर मी तुलाच विचारलं होतं. तू मटार सोलत होतीस, वर न बघता म्हणालीस, नाही. आजी, खरंच कधी नाही?

योरीन

◆

वेलदाइक, १ मार्च

वाळू नदीत असते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं.

आता माझं ऐक. तू लिहितेस, तू म्हणशील तर काढते. मी म्हणेन तर म्हणजे काय? तू सहा वर्षं तिथे काय केलंस, माझी परवानगी मागत बसली होतीस? ते विधान खरं असेल तर खाटकाच्या तोंडाकडे बघून ते काढणारी तू मूर्ख. खोटं असेल तर छापणारी तू त्याहून मूर्ख. दोन्हीपैकी कुठली मूर्ख व्हायचं ते तुझं तू ठरव, मला त्यात ओढू नकोस. मी रागावले म्हणून तू लगेच पाय मागे घेतलास, त्याचा मला जास्त राग आला. तुझी आई अशीच होती, कुणी भुवई उंचावली की हिचं मत बदललं.

कापडाला कात्री लावलीय. खांद्यात घट्ट होतंय.

इथे पाणी चेरीच्या बागेला लागलंय. बांधावर उभं राहिलं की नदी छपरांच्या वर दिसते. ते काही नवीन नाही. बांधावर पहारा बसलाय, दिवे घेऊन येरझाऱ्या घालतात आणि स्टीनकडे फुकट सूप पितात.

तुला वाटतं आम्हाला बांधातलं काही कळत नाही, म्हणून एक सांगते. शनिवारी एव्हर्टच्या कोबीच्या वाफ्यात पाणी उकळल्यासारखं वर यायला लागलं. मध्ये भोक आणि भोवती राखाडी वाळूचं छान गोल वारूळ. एव्हर्टने पहारेकऱ्यांना बोलावलं नाही, काही नाही. दोन ढकलगाड्या चिकणमाती टाकली, वर जुनं दार ठेवलं, दारावर दगड. पाणी बंद. बघ, तुझ्या सहा वर्षांच्या अभ्यासाविना झालं. कुणाला सांगू नका म्हणाला, मंडळाला कळलं तर तेवढंच निमित्त मिळेल म्हणून. तू घरची आहेस म्हणून लिहिलं. मंडळाची म्हणून नव्हे.

आजी

◆

डेल्फ्ट, ३ मार्च

आजी,

तुझं पत्र वाचून संपायच्या आधी मी पाणीमंडळाला फोन केला. एव्हर्टकाकांचं नाव सांगितलं, कोबीचा वाफा सांगितला. तुम्हाला कसं कळलं असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं, आजीने लिहिलं. खोटं बोलायला वेळ नव्हता.

वाळूचं भोक बुजवायचं नसतं. भोक बुजलं की पाणी थांबत नाही, ते दुसरीकडून वाट काढतं आणि बांधाखालचं बीळ आणखी लांबतं. भोकाभोवती पोत्यांची कडी रचायची, आत पाणी चढू द्यायचं, मग त्याच्या वजनाने वाळू खाली राहते. एव्हर्टकाकांनी दारावर दगड ठेवले त्याने फक्त त्यांना झोप लागली.

तू आज रात्री तिथे झोपू नकोस. टीलमधल्या कोरी मावशीकडे जा. हे पत्र मी टपालगाडीच्या माणसाच्या हातात देतेय. स्टीनच्या घरीही फोन लावला होता. तिने माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

माझ्यावर राग धर, पण निघ.

योरीन

◆

वेलदाइक, ८ मार्च

कोरीकडे गेले नाही. तिच्याकडची कॉफी पाण्यासारखी लागते आणि मांजर ताटात तोंड घालतं.

तुझ्या पत्राच्या आधीच मंडळाची माणसं आली. दोन ट्रक, दिवे, पोती. सरळ एव्हर्टच्या कोबीत शिरले. दार उचललं तर खालची चिकणमाती खचून खड्डा झाला होता, त्यात हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. मुकादम एव्हर्टला म्हणाला, "बुजवलं कुणी?" एव्हर्ट म्हणाला, "कुत्र्याने." त्याच्याकडे कुत्रा नाही. मुकादम हसलासुद्धा नाही, तेव्हा मला कळलं की प्रकरण हसण्याचं नाही.

मग ते घरोघर बघत निघाले. माझ्या मागच्या धुण्याच्या खोलीत त्यांना दुसरं सापडलं. फरशी उचकटली होती आणि पाणी वर येत होतं. मला त्याआधीच्या रविवारपासून माहीत होतं. सांगितलं नव्हतं कारण सांगून काय, दोन बोटांएवढं होतं. आता तिथे पोत्यांची विहीर बांधलीय, मी धुणं स्वयंपाकघरात धुते. फरशीच्या सांधीतून थोडी वाळू तर दर पुराला यायची, तुझे आजोबा होते तेव्हापासून. मी झाडून कोंबड्यांना टाकायचे. तुला विचारायचं होतं ना, घे. आता काय ओरडायचं ते ओरड.

आळी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण माझ्या पाठीमागे. स्टीन म्हणते, म्हातारीने नातीच्या पुस्तकासाठी शेजारी विकला. एव्हर्ट एकदाच आला. या वेळी बसला. म्हणाला, "काकू, मी माती टाकली हे गावभर झालं तर माझ्या पोरांना लोक बांधफोड्याची पोरं म्हणतील. तिच्या परीक्षेत ती हे सांगणार. तिला पुरावाच हवा होता, मी ताटात वाढून दिला." एवढं म्हणून त्याने टोपी तोंडावर धरली. मी या माणसाला पन्नास वर्षांचा होईपर्यंत असा पाहिला नव्हता.

मी त्याला शब्द दिला. योरीन कोबीच्या वाफ्याचं तिथे बोलणार नाही. ना नाव, ना वाफा. शब्द दिला म्हणजे दिला.

परीक्षेला अख्खी आळी येतेय, बस ठरवलीय. तुझं कौतुक करायला नव्हे.

आजी

◆

डेल्फ्ट, ११ मार्च

आजी,

मी एव्हर्टकाकांना न विचारता त्यांचं नाव दिलं. तू मला न विचारता माझा शब्द दिलास. आपण एकाच घरातल्या आहोत यात शंका नाही.

शब्द पाळीन. पण त्याचा अर्थ काय होतो तेही ऐक. रोसेबोमबाईंचा प्रश्न येणारच, आणि त्याचं एकमेव खरं उत्तर त्या कोबीच्या वाफ्यात आहे. मंडळाचा मुकादम बोलला तर बोलेल, पण त्याची नोंद वर पोचायला महिने लागतील, आणि परीक्षेत ती माझ्या तोंडून यायला हवी. ती येणार नाही. मग मी एवढंच करू शकते: इकडचं तिकडचं बोलत वेळ काढायचा. तासाच्या शेवटी विद्यापीठाच्या दंडधारी बाई आत येऊन काठी आपटतात, वेळ संपल्याचं सांगतात, आणि मग अर्धं वाक्यसुद्धा पुरं करायची गरज नसते. आमच्यातले कितीतरी जण त्या काठीच्या भरवशावर पास झालेत. मलाही पदवी मिळेल. फक्त मंडळाचे दोघे वही मिटून घरी जातील.

सातवं विधान मी काढलेलं नाही. सोमवार निघून गेला.

तुझं काम: माझ्या उजवीकडे बसायचं. विधान वाचायला सांगितलं तर उठायचं, वाचायचं, बसायचं. मध्येच बोलायचं नाही. पाठराखिणीला बोलायचा अधिकार नाही, तू कितीही खोकलीस तरी.

खांद्यात घट्ट होत असेल तर शिवण उसव, तिथे शाल घेता येईल.

योरीन

◆

वेलदाइक, २० मार्च

परीक्षेनंतरच्या जेवणात तुझ्याशी एक शब्द बोलले नाही ते मुद्दाम. तिथे तुझे प्राध्यापक माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, त्यांच्यासमोर तुला काय बोलायचं. आता बोलते.

तू दाराकडे बघत होतीस. मी तुझ्या उजवीकडे होते, मला दिसलं. रोसेबोमबाई बोलायला लागल्या आणि तू दाराकडे बघितलंस, काठी येते का म्हणून. चांगली बाई आहे ती, आवाज चढवत नाही. "पाठराखीण सातवं विधान वाचतील का?" म्हणाली. मी उठले. मागे बाकीची दहा घरं बसली होती, त्यांचे श्वास ऐकू येत होते. मी वाचलं. एकेक शब्द सुटा, जसा शाळेत वाचायला लावायचे तसा. 'बुडण्याची परवानगी' म्हणताना मागून स्टीन म्हणाली, "ऐका." मी पुन्हा एकदा वाचलं, तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून. तेवढा अधिकार होता की नव्हता, मला ठाऊक नाही.

मग त्या बाईंनी विचारलं. गणित म्हणतं वाळू येते, माणसं म्हणतात येत नाही. "ही माणसं खोटं बोलतात, असं तुम्हाला म्हणायचंय का?"

आणि तू पुन्हा दाराकडे बघितलंस. मी मनात म्हटलं, हिने शब्द पाळला. आणि त्याच वेळी असं वाटलं की उठून तुझ्या पाठीत एक गुद्दा घालावा. शब्द मी दिला होता, त्याच्यासाठी तू सहा वर्षं पाण्यात घालवणार होतीस, आणि मला तिथे बोलायची सोय नव्हती. जन्मात कधी एवढा वेळ तोंड मिटून बसले नव्हते. दंडधारी बाईची सावली काचेच्या दारावर आली होती. तुलाही दिसली.

मग तू म्हणालीस, "हो. खोटं बोलतात. पहिलं 'नाही' माझ्या आजीचं आहे. ती इथे माझ्याशेजारी बसली आहे. तिच्या धुण्याच्या खोलीत दर पुराला वाळू येते, ती झाडून कोंबड्यांना टाकते. आज तिथे पाणीमंडळाची पोती आहेत. मी तिच्या जागी असते तर मीही मटार सोलता सोलता 'नाही'च म्हणाले असते."

काठी आपटली. तुझं बोलून झालं होतं.

एव्हर्टबद्दल मी शब्द दिला होता. माझ्याबद्दल कुणी दिला नव्हता, हे तू बरोबर शोधून काढलंस. मला विचारलंस का? नाही. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं का? तेही नाही. तेव्हा जाऊ दे. मंडळाचे दोघे लिहून घेत होते, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

मग परतीची बस. मला पुढची सीट दिली आणि शेजारची मोकळी ठेवली, म्हणजे काय ते समज. नदीवरच्या पुलाच्या आसपास एव्हर्ट उठून माझ्या शेजारी येऊन बसला. "काकू, तुमच्या खोलीत कधी फुटलं?" मी म्हटलं, "तू माती टाकलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी." त्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "तिने माझं नाव घेतलं नाही." मी म्हटलं, "नाही घेतलं." मागून स्टीन म्हणाली, "घ्यायला काय झालं होतं, सगळ्या गावाला माहीतच आहे." तिला मी पुन्हा कधी सूप मागणार नाही, पण त्या क्षणी ती बरोबर बोलली.

पाणी उतरतंय. बाग चिखलाने भरलीय. मुकादम काल येऊन सांगून गेला की आणखी एक रात्र तशीच गेली असती तर त्याने स्वतःच्या बायकोला फोन करून गाव सोडायला सांगितलं असतं. असल्या माणसाचं सहसा काही खरं नसतं, पण याचं खरं वाटलं. चार गावं मागे आहेत, शाळा आहे. माझ्या घरात मी आहे आणि कोंबड्या. मी हिशेब शिकले नाही, पण एवढा येतो.

तेव्हा घर जाईल. मला त्याचं कौतुक नको आणि तुझं रडणंही नको. हिवाळ्यात जिन्यावर बर्फासारखं वारं येतं, त्या जिन्याला मी चाळीस वर्षं शिव्या दिल्यात. दुसरं घर बघतील तेव्हा ते उंचावर असावं आणि मागे कोंबड्यांना जागा असावी, बाकी मला काही नको. कोरीच्या शेजारी मात्र नको.

आता शेवटचं. गुरुवारी मंडळाचा माणूस येणार आहे. आळीतल्या प्रत्येक घरात जाऊन वाळूचं विचारणार. आज सकाळी सगळे माझ्या ओट्यापाशी जमले, काय सांगायचं ते ठरवायला. दोघं-तिघं म्हणाली, योरीनला विचारा, ती शिकलेली आहे, तीच सगळ्यांच्या वतीने मंडळाला लिहील, आपल्याला तोंड उघडायला नको. काहीजण अजून 'नाही'वरच अडलेत. मी त्यांना काय म्हटलं ते तुलाही सांगते, कारण ते तुला फोन करतील, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तू कुणाच्या वतीने काही लिहायचं नाही. मंडळाने विचारलं तरी नाही, हूकेमांनी सांगितलं तरी नाही. पुस्तकातल्या गणिताचं उत्तर तुझं, ते तू दिलंस, तिथे तुझं काम संपलं. माझ्या धुण्याच्या खोलीबद्दल गुरुवारी विचारलं की उत्तर मी देईन, आणि कोबीच्या वाफ्याबद्दल विचारलं की एव्हर्ट देईल, तोवर मी त्याच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे.

आजी